माझ्या नावावरचं तुझं रक्त

मदन महल, जबलपूर
३ सप्टेंबर २०२५

सुखदा,

रविवार, २४ ऑगस्ट २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. ही वेळ मी त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली. कॉन्व्हेंटमध्ये शिस्तीची एक वही असायची. काही गुन्हा घडला की आधी तारीख आणि वेळ लिहायची, मग गुन्हा. ती सवय साठ वर्षं झाली तरी सुटत नाही.

त्या वेळी मी दारात दह्याची वाटी घेऊन उभी होते. आपल्याकडे कोणी प्रवासाला निघालं की हातावर दही ठेवतात, हे तुला कोणी सांगायला नको. केतनने हात पुढे केला, दही खाल्लं, वाकून नमस्कार केला. तू बॅग घेऊन माझ्या शेजारून गेलीस आणि म्हणालीस, "चलिए भैया." हे मला नव्हतं, ऑटोवाल्याला होतं. पाच वर्षं एका छपराखाली राहून या घरातले तुझे शेवटचे शब्द ऑटोवाल्याच्या वाट्याला आले.

नागपूरला बदली केतनने स्वतःहून मागून घेतली की तुझ्या सांगण्यावरून, हे मी विचारणार नाही. नवरा-बायकोने स्वतंत्र बिऱ्हाड करावं, चांगलंच आहे. पण फोन उचलू नये, हे कुठलं वळण? दहा दिवसांत मी सात वेळा फोन केला. म्हणून हे पत्र. पत्राला "आऊट ऑफ रीच" म्हणता येत नाही.

मी तुझं काय वाईट केलं, ते मला लिहून कळव. मी छत्तीस वर्षं केंद्र सरकारच्या कचेरीत काढली, सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. माझी जीभ तिखट आहे, हे तिथला शिपाईसुद्धा सांगेल. पण मी कुणाचं काम अडवलं नाही. तू सकाळी आठ-आठ वाजेपर्यंत झोपायचीस, मी चहा करून घेत असे. होय, तुला "राणीसाहेब" म्हणायची. तीन वेळा दूध गॅसवर ठेवून विसरलीस, तिन्ही वेळा ओटा मी धुतला. मार्चच्या उन्हात स्वेटर घालून बसायचीस. न्हाणीघराच्या जाळीत तुझे केस अडकून पाणी तुंबायचं. ते कोण काढायचं?

एवढं असून पार्लरवालीने तुला "दीदी, थायरॉइड टेस्ट करवा लो" म्हटलं आणि तू घाबरलीस, तेव्हा माझ्याच सरकारी दवाखान्याच्या कार्डावर तुझी तपासणी करून आणली. नॉर्मल आली होती. ज्याचं सगळं नॉर्मल असतं, त्याने सहाला उठायला हरकत नसावी.

जूनमध्ये जे झालं, ते सगळ्या घराचं झालं. मी आजी होणार होते. माझ्यासाठी कोणी फुलं घेऊन आलं नाही.

उत्तर पाठवशील अशी अपेक्षा आहे.

विभावरी

---

९ ऑक्टोबर २०२५

सुखदा,

महिना उलटून गेला, उत्तर नाही. केतन म्हणाला, "आई, ती तुझं पत्र वाचते. दोनदा वाचलं. बोलत काही नाही."

काल त्याने मला एक प्रश्न विचारला. "आई, जूनमध्ये तू राजश्रीमावशीला फोनवर काय म्हणाली होतीस?"

म्हणजे फोनचं त्याला कळलं, पण मी काय म्हणाले ते तू अजून सांगितलेलं नाहीस. चार महिने झाले तरी ते तू पोटात ठेवलं आहेस, आणि मी तर "काही नाही रे, असंच" म्हणून फोन ठेवला.

तुला दवाखान्यातून घरी आणून चार दिवस झाले होते. राजश्री फोनवर म्हणाली, "काहून गं विभा, पोरगी कशी आहे आता? काय करून राहिली?" मी म्हणाले, "झोपून राहिली, दुसरं काय. दिवसभर लोळणाऱ्या पोटात काय टिकणार?" मागे वळले तर तू स्वयंपाकघराच्या दारात होतीस. हातात रिकामा कप होता. तो तू सिंकमध्ये ठेवलास, नळ सोडलास, विसळलास आणि पालथा घातलास.

मला वाटलं होतं, तू ऐकलं नसशील. नळाचा आवाज होता. नाही. नळ नंतर सोडलास. मला तो क्रम चांगला आठवतो.

राजश्रीने त्याच वेळी मला फटकारलं होतं, हेही लिहिते. म्हणाली, "जीभ आहे का विळी? तुझ्या पोटातून असं गेलं असतं अन् कोणी हे बोललं असतं, तर तू त्याला मदन महलच्या टेकडीवरून ढकलून दिलं असतं." मी तिच्याबरोबर आठवडाभर फिरायला गेले नाही.

ते वाक्य बोलायला नको होतं. पण माणूस दुःखात काहीतरी बोलतो. आणि मला जे माहीत होतं त्याच्या आधारे बोलले. रिपोर्टमध्ये काही नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. अंगात दुखणं नाही तर मग आळसच, असा माझा हिशोब होता.

माझ्या फाइलीत सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची असं लिहिलेलं आहे. सप्टेंबर तर गेला. आता दवाखान्यात जाऊन येईन. माझ्यासाठी जाणार आहे, त्याचा तुझ्याशी संबंध नाही.

दिवाळीला चिवडा आणि अनारसे पाठवते. अनारसे तुला आवडतात, असं केतन म्हणतो. मला तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलंही नाही म्हणा.

विभावरी

---

२१ नोव्हेंबर २०२५

सुखदा,

तुला आपल्या घरची रीत ठाऊक आहे. कार्ड माझं, म्हणून सगळ्यांची दुखणी माझ्या नावावर. केतनची शिंकांची गोळी माझ्या नावावर. त्याच्या बाबांचं ब्लडप्रेशर ते जाईपर्यंत माझ्या नावावर. भांडीवाल्या बाईंचा गुडघासुद्धा. कागदोपत्री पाहिलं तर मी बावीस वर्षं दमेकरी आहे, मला तीन प्रकारची ॲलर्जी आहे आणि तरी मी रोज तीन किलोमीटर चालते. आमच्या कचेरीतली निम्मी घरं अशीच चालत. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मला तर अभिमान होता.

तुझ्या वेळीही तेच केलं. रक्त घेणाऱ्या विनयने "विभावरी जी" असा पुकारा केला आणि तू उठून हात पुढे केलास. त्याने संगणकावर वय सदुसष्ट पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, आपने तो उमर को बढ़िया रोक रखा है." रांगेतले दोघं हसले. तुझे कान लाल झाले. बाहेर येऊन म्हणालीस, "आई, मला नाही आवडत हे. बाहेर करून घेते ना मी." मी म्हणाले, "त्यात काय एवढं? रक्त कुणाचंही लालच असतं."

परवा त्याच खिडकीत मी माझा स्वतःचा हात पुढे केला. आज रिपोर्ट घेऊन आत गेले. जुने डॉक्टर निवृत्त झाले, आता डॉक्टर चिन्मयी म्हणून एक मुलगी आली आहे. इथलीच, गोहलपुरात वाढलेली, चांगलं मराठी बोलते. तिने मार्चचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवला. मार्चमध्ये टीएसएच आठ पॉइंट सात. आज दोन पॉइंट एक. मार्चमध्ये हिमोग्लोबिन साडेअकरा, आज तेरा.

"आंटी, तुम्ही मध्ये काही औषध घेतलं?"

"नाही."

"थायरॉइड कधी कधी आपोआप ताळ्यावर येतं. पण ये दोनों एक ही आदमी का खून है?"

मी म्हणाले, "मग काय शेजारणीचं आहे?" असा आवाज लावला की कचेरीत माणूस माफी मागायचा. ही बाई नुसती बघत राहिली.

मग मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, की तो आकडा वाढला म्हणजे ग्रंथी जोरात चालते ना? मला तसंच वाटलं होतं. वाढलं म्हणजे जास्त, एवढं इंग्रजी वाचायला मला डॉक्टर लागत नाही. ती म्हणाली, "उलटं आहे, आंटी. टीएसएच थायरॉइडमधून येतच नाही, मेंदूखालच्या ग्रंथीतून येतं. ती थायरॉइडला हाका मारते, उठ, काम कर. थायरॉइड सुस्त पडलं की हाका वाढतात. हा आकडा म्हणजे त्या हाका. जितका मोठा, तितकं थायरॉइड ऐकत नाहीये."

मी म्हणाले, "आणि समजा हा कागद एकोणतीस वर्षांच्या बाईचा असता? दिवस राहावेत म्हणून वाट बघणाऱ्या?"

तिने पेन खाली ठेवलं. "थकवा येतो तिला? थंडी वाजते? केस गळतात, विसरायला होतं?"

मी दोन्ही कागद उचलून पर्समध्ये घालू लागले.

"मग मी तिला औषध न देता या खोलीतून बाहेर जाऊ दिलं नसतं."

घरी कशी आले ते आठवत नाही. ऑटोवाल्याने दोनदा विचारलं, "माताजी, उतरना नहीं है क्या?"

हे पत्र टपालात टाकावं की नाही

---

१२ जानेवारी २०२६

सुखदा,

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

गुन्ह्याची खरी तारीख आणि वेळ ही आहे. ऑगस्टमधली नाही. ती मी लिहिली कारण त्यात गुन्हेगार तू होतीस.

त्या शिस्तीच्या वहीत तारीख-वेळेनंतरचं वाक्य "मी"ने सुरू करावं लागायचं. मागच्या पत्रांत मी "नॉर्मल आली होती", "सांगण्यात आलं होतं" असं लिहिलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी ती पानं फाडून परत लिहायला लावली असती. म्हणून परत लिहिते.

मी त्या दिवशी तुझा रिपोर्ट घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेले. कार्ड माझं, नाव माझं, त्यामुळे खुर्चीतही मीच. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, थायरॉइड का आँकड़ा थोड़ा बढ़ा हुआ दिख रहा है. थकान होती है?"

तिथे तुझं सांगायचं होतं. थकवा येतो, आठ वाजेपर्यंत डोळा उघडत नाही. मार्चमध्ये स्वेटर लागतो. घसा बसल्यासारखा आवाज येतो. केस गळतात, पाळी दोन-दोन महिने पुढे जाते, दूध गॅसवर राहून जातं. मला सगळं तोंडपाठ होतं. ते मी राजश्रीला रोज फिरताना ऐकवत होते.

मी म्हणाले, "थकान? मला? डॉक्टरसाहेब, मी रोज पाच वाजता उठते. मदन महलच्या टेकडीपर्यंत चालत जाते, चालत येते." आणि हसले. त्यांनी विचारलं, थंडी वाजते का? मी म्हणाले, जानेवारीतसुद्धा थंड पाण्याने आंघोळ करते. विसरायला होतं का? मी त्यांना नर्मदाष्टकातली दोन कडवी म्हणून दाखवली. बाहेरच्या बाकावरच्या बायका ऐकत होत्या, हे मला माहीत होतं. मला ते आवडलं.

त्यांनी कागदावर पुन्हा नजर टाकली. म्हणाले, "फिर कोई बात नहीं. आपकी उमर में इतना बढ़ा हुआ चलता है. दूसरा हार्मोन नॉर्मल में है, तकलीफ भी नहीं. छह महीने में फिर देख लेंगे." त्यांचं काही चुकलं नाही. समोर सदुसष्ट वर्षांची ठणठणीत बाई बसली होती, त्यांनी तिला पाहून सल्ला दिला.

दरवाजापाशी माझं पाऊल अडलं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. परत वळून म्हणता आलं असतं की डॉक्टरसाहेब, हे रक्त माझं नाही, माझ्या सुनेचं आहे. पण मग कार्डाचं कळलं असतं. बावीस वर्षांचं सगळं निघालं असतं. विनयने ऐकलं असतं, बाकावरच्या बायकांनी ऐकलं असतं. मी त्यांच्यापुढे नुकतंच स्तोत्र म्हटलं होतं.

घरी आले. तू दारातच होतीस. "काय म्हणाले, आई?" मी चप्पल काढता काढता म्हणाले, "नॉर्मल आहे. सकाळी लवकर उठत जा, सगळं जाईल." तू म्हणालीस, "रिपोर्ट बघू?" मी म्हणाले, "फाइलमध्ये लावला." खरं तर तो तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. त्या दिवसापासून तू सहाचा गजर लावायला लागलीस. तो वाजत राहायचा आणि मी या खोलीतून ओरडायची, "राणीसाहेब, तुमचा कोंबडा आरवतोय."

एप्रिलमध्ये दिवस राहिले. जूनमध्ये गेले.

त्यामुळेच गेले का, हे मी डॉक्टर चिन्मयीला विचारलं. ती म्हणाली, "असं कोणी खात्रीने सांगू शकत नाही. नऊ आठवड्यांत पुष्कळ कारणांनी जातं." मला आयुष्यात कुणी एवढी सवलत दिली नव्हती, आणि ती मला घेता येत नाही. औषध मिळूनही गेलं असतं, तर ते नशिबाकडे गेलं असतं. आता ते माझ्याकडे येतं. वर मी त्या पोटाला काय म्हणाले, ते तुला माहीत आहे.

नोव्हेंबरचं पत्र मी टाकलं नव्हतं. सोबत जोडलं आहे. सात आठवडे ते देवघराच्या खणात होतं. मी स्वतःला समजावत होते की तू आता नागपूरला मोकळी आहेस, सुधारली असशील, उगाच जुनं कशाला उकरायचं.

काल संध्याकाळी केतनचा फोन आला. "आई, कुणाला सांगू नकोस, सुखदाला सात आठवडे झालेत." माझे डोळे भरून आले. मग मी विचारलं, "थायरॉइड केलं का रे?"

तो म्हणाला, "झालंय ना ते. मागच्या मार्चमध्ये तूच तर गेली होतीस. इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आम्ही सांगितलं, नॉर्मल आहे."

आणि मी म्हणाले, "हो."

अकरा जानेवारी, संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटं. हा दुसरा गुन्हा. पहिला गर्वाने केला होता. हा डोळ्यांत पाणी असताना केला.

आज सकाळी आठ वाजता मी केतनला पुन्हा फोन केला आणि सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आई, तिने मला विचारलं होतं. मार्चमध्येच. म्हणाली होती, आपण बाहेर एकदा करून बघू का? मी म्हटलं, आई म्हणते ना नॉर्मल, मग कशाला?" मग म्हणाला, "मी तिला काय सांगू? आईने सांगितलं म्हणून टोचून घे? तुझ्या तोंडच्या शब्दावर ती आता हात पुढे करणार नाही. कागद पाठव. अन् का, ते तू लिही. तुझ्या वतीने मी नाही सांगणार." त्याचं बरोबर आहे.

रिपोर्टचा फोटो त्याला सव्वाआठला पाठवला. मूळ कागद सोबत आहे. नऊला दवाखान्यात गेले आणि डॉक्टर चिन्मयीला सांगितलं की मार्चचं रक्त माझं नव्हतं, कुणाचं होतं, आणि आता तिला सात आठवडे झालेत. दार उघडं होतं, विनय आत फाइली ठेवत होता, त्यानेही ऐकलं. चिन्मयी म्हणाली, "आंटी, हे मला वर कळवावं लागेल. कार्डाचं काय होईल ते मी नाही सांगू शकत." मी म्हटलं, कळव. मग म्हणाली, "पण आधी तिला सांगा, उद्या नाही, आज. या दिवसांत बाळाचं स्वतःचं थायरॉइड तयार नसतं, ते आईच्याच हार्मोनवर वाढतं. तपासणी होऊ दे, गरज असेल तर रोज एक छोटी गोळी. बस. वेळ आहे अजून." 'वेळ आहे अजून' हे तिने मला कागदावर लिहून दिलं नाही, पण मी ते या पत्रात लिहून देते.

मी माफी मागत नाही. मागितली की उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावर येतं, आणि मला तुझ्याकडून त्याहून महत्त्वाचं उत्तर हवं आहे.

या पत्रासोबत मार्चचा कागद आहे. त्यावर विभावरी, वय सदुसष्ट, असं छापलेलं आहे. तो तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखव आणि सांग, हा माझा आहे, सासूने लपवला. याच शब्दांत सांग. पत्र स्पीड पोस्टने टाकते आहे, बुधवारी पोचेल. तोवर थांबायला नको म्हणून फोटो आजच तुझ्यापुढे ठेवायला केतनला सांगितलं आहे.

माझी मागणी एवढीच. सोमवार, १९ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजायच्या आत नव्या तपासणीचा कागद लेखी माझ्याकडे आला पाहिजे. पोस्टाने जमत नसेल तर त्याचा फोटो चालेल. सोबत एक अक्षरही लिहू नकोस. नमस्कार नको, खुशाली नको. मला "आई" म्हणायचीही गरज नाही.

नाही आला, तर मंगळवारी सकाळी मी नागपूरला उतरेन. तुझ्या दारात येणार नाही, घाबरू नकोस. तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसेन आणि नाव पुकारलं की उठून, बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी काय केलं ते सांगेन. माझा आवाज तुला माहीत आहे.

कागदावर आकडा काहीही असो. नावाच्या जागी सुखदा लिहिलेलं असलं पाहिजे. वय तीस.

विभावरी